पडद्यावरची आमची खोली

पाठपरिचय : ‘पिया का घर’ हा १९७२ सालचा हिंदी चित्रपट. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या एका कुटुंबाची ही साधी कथा आहे. नामवंत चित्रपटांच्या यादीत त्याचे नाव सहसा घेतले जात नाही. लेखकाने तो लहानपणी शेजाऱ्यांच्या घरी पाहिला. प्रस्तुत पाठात लेखकाने त्या चित्रपटाविषयी आणि त्याच दिवसांत स्वतःच्या घरी घडलेल्या एका प्रसंगाविषयी सांगितले आहे.

मी सहावीत होतो तेव्हाची ही गोष्ट. साल १९८१. आम्ही मुंबईत डोंगरी भागातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. एक खोली आणि पुढे सर्वांची मिळून एक लांब गॅलरी. खोलीच्या एका कोपऱ्यात मोरी होती, दुसऱ्या कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह. नळाला पहाटे पाणी येई आणि तासाभरात जाई. संडास मजल्याच्या टोकाला होते; सकाळी तिथे डबा घेऊन रांगेत उभे राहावे लागे. अब्बा, अम्मी, दादी, भाईजान, आपा आणि मी अशी सहा माणसे त्या खोलीत राहत होतो. आम्हांला काही कमी आहे असे मला कधी वाटले नाही. डाव्या बाजूच्या खोलीत तर अकरा माणसे होती.

पावसाळा संपल्यावर भाईजानांचे लग्न झाले. भाभी कोकणातल्या, दापोलीजवळच्या एका गावच्या. लग्नाला आम्ही एस. टी. ने गेलो होतो. त्यांचे घर पाहून मी चकित झालो. मोठे कौलारू घर, पुढे सारवलेले अंगण, मागे विहीर, विहिरीजवळ फणसाची दोन झाडे. आमच्या चाळीच्या चार खोल्या त्या एका अंगणात मावल्या असत्या.

भाभी मुंबईला आल्या, तेव्हा अम्मीने खोलीच्या मागच्या भागात दोरी बांधली आणि तिच्यावर फुलाफुलांची एक चादर टाकली. पडद्यापलीकडे एक खाट आणि भाभींची पत्र्याची पेटी. पडद्याअलीकडे घरातले बाकीचे सगळे. अब्बा आणि मी गॅलरीत झोपत असू. अम्मी, दादी आणि आपा आत झोपत. दादींना रात्रभर खोकला येई. भाईजान दिवसभर एका बाइंडिंगच्या कारखान्यात काम करून रात्री घरी येत. ते भाभींशी हळू आवाजात काही बोलू लागले, की पडद्याअलीकडून दादी विचारीत, “काय म्हणतोस रे?” भाईजान म्हणत, “काही नाही, दादी.” मग दोघे गप्प होत.

भाभी गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या होत्या. आमच्या घरात सर्वांचे शिक्षण उर्दूतून झाले होते. मला मराठीची फार भीती वाटे. विशेषतः जोडाक्षरे आली, की माझी गाडी तिथेच थांबे. भाभींनी हे पाहिले. दुपारी अम्मी झोपली, की त्या मला जवळ बसवून पाटीवर अक्षरे लिहून दाखवीत. ‘श’ ला ‘व’ जोडला, की ‘श्व’. ‘र’ कधी डोक्यावर चढतो, कधी पायाशी बसतो. त्यांच्याकडून शिकताना मला मराठी आवडू लागले.

लग्नाला तीन महिने झाले असतील. एका मंगळवारी भाभींनी मला एक पोस्टकार्ड दिले. “शाळेत जाताना पेटीत टाक,” त्या म्हणाल्या. कार्ड त्यांच्या वडिलांना लिहिलेले होते. दुसऱ्याचे पत्र वाचू नये, हे मला ठाऊक होते. पण कार्ड उघडे असते आणि मला नुकतीच अक्षरे येऊ लागली होती. जिन्यात उभा राहून मी एकेक अक्षर लावत ते वाचले. “येथे सर्व चांगले आहेत. मला कोणी वाईट बोलत नाही. पण येथे श्वास घ्यायला जागा नाही. तुम्ही येऊन मला घेऊन जा.”

मी ते कार्ड पेटीत टाकले नाही. दप्तरात, मराठीच्या पुस्तकात ठेवले. असे का केले, हे मला सांगता आले नसते. भाभी गेल्या तर मला मराठी कोण शिकवणार, एवढेच त्या वेळी मनात आले. भाभींनी विचारले, “टाकलंस ना?” मी मान डोलावली. त्यानंतर चार दिवस माझे कशातच लक्ष लागले नाही.

मग रविवार आला. त्या काळी आमच्या मजल्यावर एकच टीव्ही होता. तो कोपऱ्यातल्या खोलीत राहणाऱ्या एका मास्तरांकडे होता. कृष्णधवल, लाकडी दारांचा. दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट दाखवीत. मास्तरांच्या खोलीत पुढे आम्ही मुले बसत असू, मागे बायका, दारात आणि खिडकीत पुरुष. अब्बांना सिनेमा आवडत नसे. ते खिडकीबाहेर गॅलरीत स्टूल टाकून, पाठ फिरवून बसत. पण आवाज त्यांना ऐकू येई.

त्या दिवशी ‘पिया का घर’ लागला होता. मोठी मुले निराश झाली. त्यांना मारामारीचा चित्रपट हवा होता. यात ना मारामारी, ना डाकू, ना मोटारींचा पाठलाग. काही मुले उठून खाली खेळायला गेली. मी बसून राहिलो, कारण पहिल्या काही मिनिटांतच मला पडद्यावर एक ओळखीची गोष्ट दिसू लागली.

मालती नावाची एक मुलगी गावातल्या ऐसपैस घरात वाढलेली असते. तिचे लग्न मुंबईच्या रामशी होते. ती सासरी येते, तर ते घर म्हणजे चाळीतली लहानशी जागा. त्यात सासू, सासरे, दीर, जाऊ, सगळे एकत्र राहतात. रात्री कोणी बाहेरच्या खोलीत, कोणी स्वयंपाकघरात अंथरूण टाकते. राम आणि मालती यांना दोन शब्द निवांतपणे बोलायलाही जागा मिळत नाही. ते कुठेही बसले, की कोणीतरी येते. कोणी मुद्दाम येत नाही. बिचाऱ्यांना दुसरीकडे जायला जागाच नसते. यावर चित्रपटात पुष्कळ विनोद आहेत आणि मास्तरांच्या खोलीत सगळे मोठमोठ्याने हसत होते. मी मागे वळून पाहिले. भाभी हसत नव्हत्या. त्यांनी ओढणीचे टोक तोंडाशी धरले होते.

पुढे मालतीच्या माहेरचे वडीलधारे तिला भेटायला मुंबईला येतात. आपली मुलगी कशी राहते, हे ते पाहतात आणि तिला परत घेऊन जायचे ठरवतात. मला घाम फुटला. माझ्या दप्तरातले कार्ड कोणीतरी पडद्यावर वाचून दाखवत आहे, असे मला वाटले. मालती जाणार म्हणून घरातल्या माणसांना कळते, तेव्हा जो तो म्हणू लागतो, की तिने जाऊ नये, त्यापेक्षा मीच दुसरीकडे जाईन. ते ऐकून मालतीचा निश्चय मोडतो. ती त्याच घरात राहते. जागा मात्र तेवढीच असते. चित्रपट संपतो तेव्हा त्या घरात एक हातही जागा वाढलेली नसते, हे मला फार खरे वाटले.

मी खिडकीकडे पाहिले. अब्बांचे स्टूल रिकामे होते. ते कधी उठून गेले, हे कोणालाच कळले नव्हते.

मोठेपणी या चित्रपटाविषयी मी आवडीने माहिती गोळा केली. त्यातली एक गोष्ट तुम्हांला मुद्दाम सांगतो. ‘पिया का घर’ची कथा मूळची मराठी आहे. राजा ठाकूर यांनी १९७० साली ‘मुंबईचा जावई’ हा मराठी चित्रपट काढला होता. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत यांमुळे त्याची गाणी मराठी घरांत आजही ऐकली जातात. त्यावरूनच दोन वर्षांनी हिंदी चित्रपट तयार झाला. दोन्ही नावे शेजारी शेजारी ठेवून पाहा. ‘मुंबईचा जावई’ हे बोलणे मुलीच्या आईवडिलांचे आहे. “आमचा जावई मुंबईला असतो,” असे गावात अभिमानाने सांगणारे हे आईवडील. मुंबईला म्हणजे किती जागेत, हे त्यांना ठाऊक नसते. ‘पिया का घर’ हे नाव मात्र मुलीच्या बाजूचे आहे. ती ज्या घरात येते, त्या घराचे. कथा एकच, पण एका भाषेत ती गावाकडून मुंबईकडे पाहते आणि दुसऱ्या भाषेत चाळीच्या उंबरठ्यावरून आत पाहते. मला दुसरे नाव जास्त आवडते. हे अर्थात माझे मत झाले.

हिंदी चित्रपटाचे दिग्दर्शक होते बासू चॅटर्जी. चित्रपटांत येण्यापूर्वी ते मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रे काढीत. व्यंगचित्रकाराला चार रेषांत माणूस उभा करावा लागतो. ती सवय त्यांच्या चित्रपटांत दिसते. १९६९ साली आलेला त्यांचा पहिला चित्रपट ‘सारा आकाश’ हाही एकत्र कुटुंबातल्या नव्या नवरा-बायकोचाच होता. पुढे ‘रजनीगंधा’ (१९७४), ‘चितचोर’ (१९७६) यांनी त्यांचे नाव सगळीकडे झाले आणि ‘पिया का घर’ मागे पडला. २०२० साली त्यांचे निधन झाले.

मालतीचे काम जया भादुरी यांनी केले आहे आणि रामचे अनिल धवन यांनी. दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. जया भादुरींचे १९७२ या एकाच वर्षी ‘परिचय’, ‘बावर्ची’ आणि ‘कोशिश’ हे चित्रपटही आले. लोकांना ते आठवतात. ‘पिया का घर’मधले ‘ये जीवन है’ हे किशोरकुमारांनी म्हटलेले गाणेही लोकांना आठवते. आनंद बक्षी यांचे शब्द आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची चाल. पण हे गाणे कोणत्या चित्रपटातले, असे विचारले तर दहांतले आठजण थांबतात. गाणे घरोघर पोचले आणि चित्रपट वाटेतच राहिला, असे कधी कधी होते.

या चित्रपटात दोष नाहीत असे मी म्हणत नाही. काही विनोद जरा लांबले आहेत. गाव जरा जास्तच गोड दाखवले आहे. विहिरीचे पाणी रोज ओढणाऱ्या बाईला विचारले, तर ती वेगळे सांगेल. पण एक गोष्ट मला इतर चित्रपटांत क्वचितच दिसली. यात कोणी दुष्ट नाही. सासू छळ करीत नाही, जाऊ चहाड्या करीत नाही. सगळी माणसे चांगली आहेत आणि तरीही मुलीच्या डोळ्यांत पाणी येते. दोष असलाच, तर जागेचा आहे. १९७१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ६० लाख होती आणि त्यांतली कितीतरी कुटुंबे एकेका खोलीत राहत होती. वरळी, नायगाव भागातल्या बी. डी. डी. चाळींत एक खोली १६० चौरस फुटांची. आपल्या शाळेतला एखादा वर्ग मोजून पाहा, म्हणजे १६० चौरस फूट म्हणजे किती, ते समजेल. अशा खोल्यांत राहणाऱ्यांचे घर पडद्यावर क्वचितच येई. पडद्यावरच्या घरांत बहुधा मोठा जिना असे आणि जिन्याखाली पियानो.

आता पुन्हा आमच्या खोलीकडे येतो. त्या रात्री घरी आल्यावर मी दप्तरातून कार्ड काढले आणि भाभींना दिले. त्या मोरीपाशी भांडी घासत होत्या.

“भाभी, हे मी टाकलं नाही.”

त्यांनी हात पुसून ते घेतले. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “वाचलंस?”

मी मान खाली घातली.

“जोडाक्षरं आली?”

“आली.”

त्या रागावल्या नाहीत. कार्ड घेऊन त्या पडद्यापलीकडे गेल्या. पेटी उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज मी ऐकला.

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या घरात विचित्र गोष्टी घडू लागल्या. अब्बा गोदीत कामाला होते. त्यांनी एकाएकी रातपाळी मागून घेतली. “रातपाळीला चार पैसे जास्त मिळतात,” ते म्हणाले. दादी पुढच्या गल्लीत फूफीकडे झोपायला जाऊ लागल्या. “तिच्याकडे डास कमी आहेत,” त्या म्हणाल्या. रात्री त्यांच्या सोबतीला आपाही जाऊ लागली. उजव्या बाजूच्या खोलीत एक खाला राहत. त्यांचे पती नोकरीसाठी आखातात गेले होते. “त्यांना एकटीला भीती वाटते,” असे म्हणून अम्मी आपले अंथरूण तिकडे नेऊ लागली. त्या खाला किती धीट होत्या, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होते. मी गॅलरीत एकटाच उरलो.

मला वाटले, घरातली माणसे भाभींवर रुसली आहेत आणि एकेक करून घर सोडून चालली आहेत. कार्डाची गोष्ट सर्वांना कळली आणि हा सगळा दोष माझाच, असे वाटून मी रात्री चादरीत तोंड खुपसून रडत असे. कोणाला विचारायचे धैर्य मला झाले नाही. पडद्यावरच्या घरात सगळे आपापल्या मनातले बोलून दाखवतात. आमच्या घरी कोणी काही बोलले नाही. चारजणांनी चार निमित्ते सांगितली आणि ती सगळ्यांनी खरी मानली.

भाभी गावी गेल्या, पण त्या पुढच्या वर्षी, बाळंतपणासाठी. आणि चार महिन्यांनी बाळाला घेऊन परत आल्या. अब्बांनी तीन वर्षे रातपाळी केली. नंतर भाईजानांना मुंब्र्याला दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा त्यांनी पुन्हा दिवसपाळी घेतली.

हे सगळे मला कळायला बावीस वर्षे लागली. २००३ साली मला ‘पिया का घर’ची एक सीडी मिळाली. अब्बा तेव्हा हयात नव्हते. मी, अम्मी आणि माझी पत्नी तो पाहत बसलो होतो. घरातली माणसे आपण होऊन बाहेर जायला निघतात तो प्रसंग आला आणि मी मध्येच सीडी थांबवली.

“अम्मी, अब्बांना रातपाळीचे पैसे जास्त मिळायचे?”

अम्मीने पडद्याकडेच पाहत उत्तर दिले, “थोडे मिळायचे. पण जागरण त्यांना कधी सोसलं नाही. दिवसा त्यांना झोप येत नसे.” मग ती म्हणाली, “लाव ना पुढे.”

मागच्या वर्षी मी मुंब्र्याला भाभींकडे गेलो होतो. आता त्यांच्याकडे तीन खोल्या आहेत. त्यांची नात मराठीचे पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ बसली होती आणि ‘श्व’ लिहिताना चुकत होती. मला हसू आले. मी भाभींना त्या पोस्टकार्डाविषयी विचारले. इतक्या वर्षांत आम्ही त्याचे नाव काढले नव्हते. ते अजून पेटीत आहे का?

“नाही रे,” त्या म्हणाल्या. “त्यावर थोडी कोरी जागा होती. तिथे मी दुधाचा हिशेब लिहीत होते. महिना संपल्यावर फेकून दिलं.”

शब्दार्थ

जावई – दामाद. माहेर – मैका. सासर – ससुराल. दीर – देवर. जाऊ – देवरानी, जेठानी. ऐसपैस – कुशादा. निवांतपणे – सुकून से. वडीलधारे – बुज़ुर्ग. निश्चय – पक्का इरादा. कृष्णधवल – ब्लॅक अँड व्हाइट. व्यंगचित्र – कार्टून. गोदी – जहाजांत माल चढवण्या-उतरवण्याची जागा. रातपाळी – रात की ड्यूटी. निमित्त – बहाना. सोसणे – बरदाश्त होना. हयात – ज़िंदा

वाक्प्रचार

मनात घर करणे – कायम लक्षात राहणे. घाम फुटणे – खूप भीती वाटणे. मागे पडणे – लोकांच्या आठवणीतून जाणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाभींचे गाव कोठे होते?
(आ) ‘पिया का घर’ कोणत्या मराठी चित्रपटावरून तयार झाला?
(इ) दिग्दर्शक होण्यापूर्वी बासू चॅटर्जी कोणते काम करीत?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने पोस्टकार्ड पेटीत का टाकले नाही, असे तुम्हांला वाटते?
(आ) ‘मुंबईचा जावई’ आणि ‘पिया का घर’ या दोन नावांत लेखकाला कोणता फरक दिसतो? तुम्हांला कोणते नाव आवडते?
(इ) अब्बा, दादी आणि अम्मी यांनी कोणकोणती निमित्ते सांगितली?

३. पुढील वाक्य कोणी, कोणास म्हटले?
(अ) “जोडाक्षरं आली?”
(आ) “लाव ना पुढे.”

४. पाठातून ‘श्व’ प्रमाणे पाच जोडाक्षरे असलेले शब्द शोधून लिहा व मोठ्याने वाचा.

५. तुमच्या घरातील वडील माणसांना त्यांच्या लहानपणी आवडलेल्या एखाद्या चित्रपटाविषयी विचारा आणि त्यांनी सांगितलेली माहिती आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.